सायकलचा कॅरियर: आधी पाय बघा, मग पाट

दुकानात कॅरियर कायम रिकामाच पाहायला मिळतो. भिंतीवर टांगलेला, नव्या रंगाने चकाकणारा. हातात घेतला की नजर आधी वरच्या पाटावर जाते: रुंद आहे का, लाकडी पट्ट्या बसवल्यात का, सायकलच्या रंगाला शोभेल का. ओझं मात्र पेलतात ते खालचे पाय आणि त्यांना फ्रेमशी जोडणारे तीन-चार बोल्ट. म्हणून कॅरियर घ्यायला गेलात की तो उलटा करून बघा. पाय सरळ खाली उतरतात की मधेच वाकलेत, दोन्ही बाजूंचे पाय मागून एकमेकांना जोडलेत की मोकळे आहेत, तळाशी नळी नुसती चेपून भोक पाडलंय की जाड पट्टी वेगळी वेल्ड केलीय, हे दोन मिनिटांत कळतं. पाटाचं नंतर.

बाजारात सर्रास मिळणारे प्रकार इथे रोजच्या कामांच्या मापाने तोलले आहेत: गिरणीतून आणायचं दहा किलोचं दळण, आठवड्याची भाजी, लॅपटॉप आणि डबा घेऊन ऑफिस, आणि कधीतरी तीन-चार दिवसांची लांबची सफर. देखणेपणाला आपला काहीच विरोध नाही. डोळ्यांना खुपणारी सायकल जिन्याखाली पडून राहते, आवडती सायकल रोज बाहेर निघते, हे खरंच आहे. पण जिथून भार जमिनीकडे जातो तिथे रूपासाठी तडजोड केली, की त्याची किंमत पहिल्याच खड्ड्यात मोजावी लागते.

काळ्या उंच सायकलीचा कॅरियर

हिरो, ॲटलस, एव्हनच्या २८ इंची काळ्या सायकलींवर दिसतो तो. जाड सळया, पट्टीचे पाय, वर स्प्रिंगचा चिमटा. देखणा म्हणून तो कुणी विकत घेत नाही आणि वजनालाही चांगला जड असतो. पण त्याचे पाय थेट मागच्या ॲक्सलवर, नटाखाली बसतात. ओझं पाच मिलिमीटरच्या बोल्टवर न लटकता सरळ ॲक्सलवर उतरतं. त्याखालच्या चाकाला ४० तारा असतात, पुढच्या चाकाला ३२. ही ४०-३२ची वाटणी जुन्या ब्रिटिश सायकलींपासून चालत आली, कारण मागे वजन येणार हे तेव्हाच गृहीत धरलं होतं. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो आणि टाकीसकट वजन ३० किलोच्या आसपास. तो आकड्याला अडकवून नेणारी सायकल हीच. गोव्यात पोदेर, म्हणजे पाववाला, पावाची भलीमोठी टोपली ज्या कॅरियरवर बांधून भल्या पहाटे फिरतो, तोही याच जातीचा.

दोष तीन. पहिला, स्प्रिंगचा चिमटा वर्तमानपत्रांना, वह्यांना, घडी केलेल्या पोत्याला उत्तम धरतो. दळणाच्या गोल डब्याला अजिबात नाही. डब्याच्या काठावर चिमटा एका रेघेत टेकतो, आणि गतिरोधक आला की डबा त्या रेघेभोवती फिरून सटकतो. दुसरा, पाय एका सरळ रेषेत असल्यामुळे बाजूला लटकवलेल्या पिशवीला मागून आधार नसतो आणि पिशवीचं पोट तारांत शिरतं. तिसरा दोष पंक्चरच्या वेळी कळतो: चाक काढायचं तर कॅरियरचे पाय, मडगार्डच्या दांड्या, स्टँड सगळं त्याच नटावर, त्यामुळे सगळंच सोडवावं लागतं, आणि परत बसवताना चाक जरा पुढे-मागे बसलं की चेन ढिली पडते. नट आवळण्याआधी चेन मधोमध बोटाने दाबून बघा, साधारण एक सेंटिमीटर हलली पाहिजे.

दुसऱ्या दोषावर स्वस्त उपाय आहे. आठ मिलिमीटरची सळई U आकारात वाकवून कॅरियरच्या प्रत्येक बाजूला वेल्ड करून घ्या, खालचं टोक ॲक्सलच्या जरा वर येईल अशी. कुठलाही वेल्डिंगवाला अर्ध्या तासात करून देतो. वेल्ड केलेल्या जागी लगेच रेड ऑक्साइड मारा, नाहीतर पहिल्याच पावसात तिथून गंज धरतो. एवढं केलं की हा कॅरियर दळणापासून डबलसीटपर्यंत सगळं ओढतो. गिअरच्या, क्विक रिलीजच्या (नटाऐवजी लिव्हरने चाक सुटणाऱ्या) सायकलीला मात्र तो बसत नाही. जबरदस्तीने बसवू नका.

सीटपोस्टला चिकटणारा

सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीला, आवळून बसतो तो. दिसायला सर्वांत सुटसुटीत. खाली पाय नाहीत, फ्रेमची रेषा मोकळी राहते, एक लिव्हर दाबला की निघतो. फोटोत हाच सर्वांत छान दिसतो, आणि इथे सुचवण्यासारखा सर्वांत कमीही हाच आहे.

कारण साधं आहे. पाटाचा मध्य सीटपोस्टपासून वीस-पंचवीस सेंटिमीटर मागे, आणि त्याला धरून ठेवणारी पकड पाच-सहा सेंटिमीटरची. आठ किलो ठेवले तर पकडीवर येणारा जोर आठ किलोचा नसतो. अंतराच्या प्रमाणात तो कैक पटींनी वाढतो, खड्ड्यात आणखी. बहुतेकांवर ७ ते १० किलोची मर्यादा छापलेली असते ती यासाठीच. मर्यादेत राहिलं तरी वळणावर पाट डावी-उजवीकडे फिरतो, आणि फिरता फिरता सीटपोस्टवर गोल चरे पडतात. मधे रबराची पट्टी देतात ती लावायचीच, आणि पोस्ट व पट्टी दोन्ही कोरडी पुसून. तिथे ग्रीस लागलं तर पकड गेली. कार्बनच्या सीटपोस्टला हा लावूच नये. उंची कमी असलेल्यांना आणखी एक अडचण येते: सीट खाली असते, पोस्ट दहा सेंटिमीटरही उघडी नसते, आणि पाट टायरला टेकायला येतो.

मागे सस्पेन्शन असलेल्या सायकलीला बहुधा दुसरा पर्यायच नसतो, तिथे रेनकोट आणि डब्यापुरता हा ठीक. बाकी कुणी घेऊ नये.

चार ठिकाणी बसणारे

शहरात राहणाऱ्या, गिअरची किंवा हायब्रिड सायकल असणाऱ्यांनी इथेच खरा वेळ घालवावा. दोन बोल्ट खाली ॲक्सलजवळ, दोन वर, सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या फ्रेमच्या दांड्यांवर. पण या एका नावाखाली तीन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली, लांबी कमी-जास्त करता येणारी ॲल्युमिनियमची. २४ ते २८ इंच कुठल्याही चाकाला चालेल असं खोक्यावर लिहिलेलं असतं. पायाची एक पट्टी दुसरीत सरकते आणि दोन स्क्रूंनी आवळली जाते. सगळं वजन या दोन स्क्रूंच्या घर्षणावर. महिनाभर भाजी आणली की एका बाजूची पट्टी चार-पाच मिलिमीटर खाली सरकते, पाट तिरका होतो, आणि सरकणं चालूच राहिलं तर एक दिवस टायरला घासतो. हा घेतलाच असेल तर उंची पक्की झाल्यावर सांध्यावर आडवी रंगाची रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली की सरकतोय. दोन्ही पट्ट्यांतून आरपार भोक पाडून नट-बोल्ट टाकला तर तो कायमचा एका मापाचा होतो, आणि मग बराच विश्वासाचा.

दुसरी, एकसंध ॲल्युमिनियम नळीची. हलकी, न गंजणारी, किमतीला परवडणारी. पंधरा किलोपर्यंत रोज वापरायला चांगली. एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ॲल्युमिनियम वाकून इशारा देत नाही, वेल्डजवळ केसाएवढी चीर पडते आणि मग एकदम सुटतं. महिन्यातून एकदा खालच्या पायांचे सांधे ओल्या फडक्याने पुसून उजेडात बघा. रंगावर बारीक काळी रेघ दिसली तर ती धूळ आहे की चीर, हे नखाने कळतं: धूळ निघते, चिरेत नख अडतं. रस्त्यावर याची दुरुस्ती होत नाही. आपल्या गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांत लोखंडाचंच काम चालतं, ॲल्युमिनियम जोडणारा शोधत फिरावं लागतं.

तिसरी, पोलादी नळीची. थोडी जड, पण आधी वाकते, लवते, करकरते, म्हणजे वेळ देते. आणि मोडलीच तर तालुक्याच्या गावी जोडून मिळते. लांबच्या सफरीला निघालेल्याने हीच घ्यावी.

देखणेपणा आणि काम यांचं भांडण मिटलेलं पाहायचं असेल तर जर्मनीत म्युन्स्टरच्या ट्युबस कंपनीचे कॅरियर बघावेत. १९८८ पासून ही मंडळी क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या बारीक नळ्यांचे कॅरियर करतात. त्यांचा कार्गो नावाचा कॅरियर ४० किलोचा, फ्लाय नावाचा १८ किलोचा. फ्लाय पाहताक्षणी आवडतो: अरुंद पाट, कमीत कमी नळ्या, सायकलवर आहे की नाही अशी शंका यावी इतका नाजूक. कार्गोचे पाय बाजूने पाहिले तर त्रिकोण दिसतात, आणि पिशवीला मागून टेकायला नळी मिळते. त्यात एकही नळी शोभेसाठी नाही, तरी तो शोभतो. ऑफिसची एक बॅग एवढंच काम असेल तर फ्लाय. भाजी, दळण, सफर यांतलं काहीही असेल तर कार्गो. किंमत साध्या कॅरियरच्या कितीतरी पट आहे आणि आयात म्हणून आणखी चढते. रोज वीस किलो नेणाऱ्याचे पैसे वसूल होतात. आठवड्यातून एकदा कोथिंबिरीची जुडी आणणाऱ्याने ते टायरांवर खर्च करावेत.

कुठलाही घ्या, त्यावर किलोचा आकडा छापलेला, शक्यतो कोरलेला असावा. सोबत आयएसओ ११२४३ असं असेल तर सायकलच्या कॅरियरसाठीच्या मानकाप्रमाणे चाचणी झाली आहे, असा त्याचा अर्थ. छापील आकड्यात बॅगेचं, कुलपाचं, साखळीचंही वजन धरायचं. आणि २५ किलो म्हणजे २५ किलोचं मूल नव्हे. मुलाची सीट लावायची तर त्या कॅरियरवर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. मुलाचे पाय तारांपासून दूर ठेवणारी ढाल हवी. आणि सीटखाली उघड्या स्प्रिंगा असतील तर त्या झाकायला हव्यात, कारण मागे बसलेलं मूल नेमकं तिथेच बोटं घालतं. बारीक नळीच्या कॅरियरवर मोठ्या माणसाला डबलसीट बसवू नका. पाट तुटत नाही, खालचा बोल्ट तुटतो, आणि सुटलेला पाय चाकात जातो.

डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमट्यात धरणारा भाग, कुठे आहे ते आधी बघा. फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत बसवलेला असेल तर बहुतेक साधे कॅरियर चालतात. बाहेर असेल तर पाय त्याला अडतो, आणि दुकानदार लांब बोल्ट व मधे नळीचा तुकडा घालून पाय बाहेर सरकवून देतो. बोल्ट जितका बाहेर, तितका तो वाकण्याचा जोर जास्त. एक-दीड सेंटिमीटरपर्यंत आणि दहा किलोच्या आत चालून जाईल. त्यापुढे डिस्कसाठी मुद्दाम पाय बाहेर वळवून केलेला कॅरियरच घ्या, ज्याची पट्टी फ्रेमच्या भोकाला सपाट टेकते.

बसवताना

चांगला कॅरियर वाईट बसवला की वाईटच. काम अर्ध्या तासाचं आहे. चारची ॲलन की, आठचा पाना, थोडं ग्रीस आणि निळं थ्रेडलॉक (बोल्ट ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा चिकट द्रव) एवढंच लागतं.

फ्रेमवरची भोकं जवळपास सगळीकडे एम-५ मापाची, म्हणजे पाच मिलिमीटरच्या बोल्टची, असतात. नव्या सायकलीत त्यात रंग गेलेला असतो. बोल्ट थेट पान्याने फिरवला तर आटे मरतात. आधी बोल्टला ग्रीस लावून हाताने आत-बाहेर करत रंग काढा. तरीही अडला तर दुकानातून एम-५चा टॅप (आटे साफ करणारं हत्यार) फिरवून घ्या. मग ग्रीस पुसा आणि कायमचा बसवताना थ्रेडलॉकचा एक थेंब द्या. दोन्ही एकत्र लावले तर थ्रेडलॉक धरत नाही.

चारही बोल्ट आधी हाताने अर्धे बसवा. पाट जमिनीला समांतर करा. मागे झुकलेल्या पाटावरून ओझं सरकतं, पुढे झुकलेला सीटखाली टोचतो. मग आधी खालचे दोन आवळा, नंतर वरचे. एम-५ला पाच-सहा न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे ॲलन कीची लांब बाजू भोकात घालून आखूड बाजूने दोन बोटांनी मिळेल तेवढा जोर. वरच्या आडव्या पट्ट्या जितक्या आखूड तितक्या चांगल्या. लहान फ्रेमवर मोठ्या चाकाचा कॅरियर बसवला की त्या लांबच लांब ओढाव्या लागतात, आणि मग घाटात उभं राहून पेडल मारताना सगळं ओझं शेपटीसारखं हलतं.

उजव्या बाजूचा खालचा बोल्ट विशेष बघायचा. तो आतल्या बाजूला दोन आट्यांपेक्षा जास्त बाहेर आला तर चेन सर्वांत छोट्या चकतीवर असताना त्याला घासते. दुकानात सहसा मधल्या गिअरवर चाक फिरवून दाखवतात, तेव्हा कळत नाही. स्वतः सर्वांत छोट्या चकतीवर चेन आणा, चाक उलट-सुलट फिरवा. घासत असेल तर वॉशर वाढवा किंवा बोल्ट १६ऐवजी १२ मिलिमीटरचा घ्या. जागा असेल तर डाव्या बाजूला आतून नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज न सुटणारा) जरूर टाका: बोल्ट तुटला तरी पाय लगेच सुटत नाही. मडगार्ड आणि कॅरियर एकाच भोकात असतील तर कॅरियरची पट्टी फ्रेमला टेकलेली आणि मडगार्डची दांडी बाहेर, असाच क्रम हवा. जड वस्तू फ्रेमच्या जवळ.

वरच्या दोन भोकांची सोय नसेल तर सीटपोस्ट आवळणारा क्लॅम्पच भोकांसकट मिळतो. फ्रेमच्या नळीचा बाहेरचा व्यास मोजून घ्या, २८.६, ३१.८ आणि ३४.९ मिलिमीटर ही नेहमीची मापं. दुसरा उपाय रबर लावलेल्या पोलादी पट्टीच्या कड्यांचा. ते सीटखालून चाकाकडे उतरणाऱ्या दांड्यांवर चालतात, पण त्यांना खाली सरकायची सवय असते, म्हणून खालून थोडी इन्सुलेशन टेप गुंडाळून टेकू द्या. कार्बनच्या फ्रेमला यातलं काही नको.

पन्नास किलोमीटरनंतर चारही बोल्ट पुन्हा तपासा. नवीन कॅरियरचा रंग बोल्टखाली चेपतो आणि पकड आपोआप ढिली होते. सुटणारे बहुतेक बोल्ट या पहिल्या टप्प्यातच सुटतात.

पुढची टोपली

लेडीज सायकलची तारेची टोपली ही कमी लेखली गेलेली वस्तू आहे. सामान डोळ्यांसमोर, कुठेही बांधाबांध नाही. अट एकच: टोपलीच्या तळाखालून दोन दांड्या पुढच्या ॲक्सलपर्यंत उतरलेल्या हव्यात. अशी टोपली चार-पाच किलो सुखाने नेते. नुसती हँडलला आकड्यांनी अडकवलेली प्रत्येक खड्ड्यात उसळते, हँडलवर खाली फिरते आणि ब्रेकची केबल दाबते. केबल दाबली की ब्रेक अर्धवट लागून राहतो. चालवणाऱ्याला वाटतं आज चढच जास्त आहे.

वेताची टोपली सुंदर दिसते यात वाद नाही, आणि कोरड्या दिवसांत ती कामाचीही आहे. जून ते सप्टेंबर ती काढून ठेवा, नाहीतर वेत फुगतो, बुरशी धरते आणि चामडी पट्टे कडक होऊन भोकापाशी तुटतात.

सध्या मिरवणारा प्रकार म्हणजे पुढचा रुंद सपाट पोर्टर कॅरियर. मूळ पॅरिसच्या वर्तमानपत्रं वाटणाऱ्या सायकलस्वारांचं. गठ्ठे पुढे, उतरवायला सोपे. पण त्या सायकलींच्या पुढच्या भागाची रचनाच त्या भारासाठी आखलेली असे. आपल्या हायब्रिडवर तोच पाट बसवून आठ-दहा किलो ठेवले, तर हळू चालवताना हँडल एका बाजूला ओढतं आणि उभी केली की पुढचं चाक गर्रकन वळून सायकल आडवी होते. फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांडीला, मधे भोकं नसतील, सस्पेन्शन फोर्क असेल, तर विसरा. पाच किलोच्या आत, साध्या फोर्कवर, चालतो. छान दिसतोही.

बॅगा आणि त्यांचे आकडे

बॅगेचं सौंदर्य समोरून दिसतं, तिची लायकी पाठीमागून. वरच्या आकड्यांना कुलूपबंद जिभली आहे का, खाली पाटाच्या पायात अडकणारा तिसरा आकडा आहे का, आणि पाठीला ताठ फळी आहे का. दुकानातच परीक्षा घ्या: बॅग कॅरियरवर अडकवा आणि तळाखालून तळहाताने जोरात वर ढकला. निघाली तर रस्त्यावरही निघेल. चामड्याच्या पट्ट्या आणि पितळी बकलं असलेल्या कॅनव्हासच्या जोडबॅगा इथेच नापास होतात. त्या पाटावर आडव्या टाकलेल्या असतात, खालून मोकळ्या. वळणावर बाहेर झुलतात, सरळ आल्यावर आत येतात, आणि कापड तारांत जातं. आवडली असेल तर ठेवा, पण आत पाठीच्या मापाची चार मिलिमीटरची प्लायवूडची फळी घाला आणि तळाशी एक पट्टा शिवून तो कॅरियरच्या पायाला बांधा. ती वापरण्याजोगी होते.

जर्मनीच्याच ऑर्टलीबच्या गुंडाळून बंद होणाऱ्या बॅगा १९८२ पासूनच्या. त्यांच्या बॅक-रोलर नावाच्या बॅगांच्या जोडीत ४० लिटर मावतं आणि उचलायचा पट्टा ओढला की आकड्यांची कुलपं आपोआप उघडतात. मुंबईच्या पावसातही आतला लॅपटॉप कोरडा राहतो. आत एकच मोठा कप्पा, त्यामुळे किल्ली शोधायला सगळं उपसावं लागतं, हा त्यांचा खरा त्रास. आकड्यांत नळीच्या जाडीप्रमाणे घालायचे छोटे प्लास्टिकचे तुकडे सोबत येतात. ते न घालता वापरल्या की बॅग खडखडते आणि दोन महिन्यांत कॅरियरचा रंग खरवडून काढते. नळी दहा मिलिमीटरची असेल तर दहाचाच तुकडा. घासण्याच्या जागी जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला तर रंग वाचतो.

बॅग किती मागे अडकवायची हे टाच ठरवते. आजच्या बऱ्याच सायकलींत पेडलचे दांडे ज्या मध्याभोवती फिरतात तिथपासून मागच्या ॲक्सलपर्यंत ४२-४३ सेंटिमीटरच असतात. सीटवर बसा, भिंतीला धरा, पेडल उलटं फिरवा. टाच आणि बॅग यांत दोन सेंटिमीटर मोकळे हवेत. बुटाचं माप मोठं असेल तर बॅग मागे सरकवावी लागते, आणि ओझं ॲक्सलच्या मागे गेलं की चढावर पुढचं चाक हलकं पडून भरकटतं. म्हणून पाट जरा मागे असलेला, पण पाय पुढे आलेले, असा कॅरियर उंच माणसांसाठी निवडावा. जड वस्तू बॅगेच्या तळाशी आणि पुढच्या कोपऱ्यात, हलक्या वर.

बांधायचं कशाने

रंगीत बंजी दोऱ्या टाळाव्यात. ताणलेला आकडा सुटला तर सरळ डोळ्याकडे येतो, आणि लोंबणारा आकडा तारांत अडकला तर चाक जागच्या जागी थांबतं. याहून उत्तम वस्तू पंक्चरवाल्याकडे फुकट मिळते: बाद झालेली ट्यूब. व्हॉल्वच्या दोन्ही बाजूंनी कापा, २६ इंची ट्यूबची पावणेदोन मीटरच्या आसपास लांबी मिळते. मग कात्रीने उभी चिरा, आतली पांढरी पूड साबणाने धुऊन टाका, वाळवा. रुंद पट्टी गाठीशिवाय नुसत्या पिळाने धरते, डब्याला चरे पाडत नाही, उन्हापावसात दीड-दोन वर्षं टिकते.

दळणाचा डबा असा बांधा: पाटावर आधी जुन्या ट्यूबचा किंवा चटईचा तुकडा, त्यावर डबा, कडी पुढे-मागे येईल असा. पट्टीचं टोक पाटाच्या डाव्या पुढच्या सळईला, तिथून डब्यावरून उजव्या मागच्या कोपऱ्याखाली, पाटाखालून डाव्या मागच्या कोपऱ्यातून वर, परत डब्यावरून उजव्या पुढच्या कोपऱ्यात. झाकणावर फुली दिसली पाहिजे. उरलेलं टोक डब्याच्या पोटाभोवती एकदा गुंडाळून खोचा. टोक लोंबतं ठेवू नका. ओढणी, पदर आणि रेनकोटची शेपटी यांनाही हेच लागू. साडीगार्डची जाळी काढून टाकणाऱ्यांनी ती परत बसवावी.

पावसाळा आणि खारी हवा

कोकणात, मुंबईत, गोव्यात पोलादी कॅरियर घेतला तर नळ्यांची उघडी टोकं सिलिकॉनने बंद करा. गंज बाहेरून दिसतो तो कमी घातक. पाणी नळीत साचून आतून खातं तो जास्त. तळाला मुळातच बारीक भोक असेल तर मात्र ते बुजवू नका, ते पाणी निघायलाच ठेवलेलं असतं. ॲल्युमिनियमचा कॅरियर असेल तर स्टेनलेस बोल्टांना थ्रेडलॉक किंवा ग्रीस काहीतरी हवंच. कोरडे बसवले तर खाऱ्या हवेत दोन धातू एकमेकांना असे धरतात की वर्षाने बोल्ट फिरत नाही, तुटतो. पावडर कोटिंग जिथे उडालंय तिथे नेलपॉलिश चालतं, फक्त जागा आधी घासून कोरडी करा.

लाकडी पट्ट्यांचा पाट दर पावसाळ्याआधी जवसाच्या तेलाने पुसला आणि स्क्रू पुन्हा आवळले तर टिकतो. तेवढं करायची तयारी असेल तर घ्या. सपाट खोकी ठेवायला तो सळयांच्या पाटापेक्षा चांगला आहे. टोपीक कंपनीची रुळावर सरकून बसणारी बॅगही सोयीची, पण रुळात चिखल वाळला की जिभली पूर्ण बसत नाही. बसवल्यावर मागे ओढून बघायची सवय ठेवा.

उभी कशी राहणार

कॅरियर आणि बॅगांवर पैसे गेल्यावर स्टँडकडे कुणी बघत नाही. पंधरा किलो मागे असलेली सायकल एका बाजूच्या स्टँडवर उभी करून भाजीची पिशवी टाकायला गेलं की ती पडते, आणि पडताना मागचा गिअर ज्यावर लटकतो तो हूक वाकतो. काळ्या सायकलीचा दोन पायांचा, मागचं चाक उचलणारा स्टँड ओझ्याच्या बरोबर खाली टेकतो. गिअरच्या सायकलीसाठी पेडलच्या मागे बसणारा दोन पायांचा स्टँड मिळतो. घेताना नळ्यांमध्ये त्याची पट्टी बसेल एवढी जागा आहे का आणि केबल दबत नाही ना, ते बघा. तो नसेल तर ओझं चढवताना मागचा ब्रेक रबराच्या कड्याने बांधून ठेवा, आणि दोन बॅगा असतील तर स्टँडच्या बाजूची आधी भरा, उतरवताना शेवटी काढा.

मागचा लाल दिवा सीटपोस्टवर असेल तर डब्यामागे तो दिसत नाही. कॅरियरच्या शेवटी दिव्यासाठी दोन भोकांची पट्टी असते, भोकांमधलं अंतर ५० किंवा ८० मिलिमीटर. दिवा त्याच मापाचा घ्या आणि तिथेच लावा.